एका मिनिटात ६३ सेकंद: स्वस्त जीपीएस मॉड्यूल आणि कृत्तिकांचे पिधान

चंद्र ताऱ्यापुढून जातो तेव्हा तारा हळूहळू मंदावत नाही. फुंकर मारून दिवा घालवावा तसा एका क्षणात जातो. चंद्राला वातावरण नाही आणि तारा इतका लांब आहे की त्याचे बिंब जवळपास बिंदूच. याला पिधान म्हणतात. हौशी निरीक्षकाला करता येण्यासारख्या मोजक्या खऱ्या मोजमापांपैकी हे एक. मी कुठे उभा होतो आणि तारा नेमका कधी गेला, एवढेच लिहायचे असते. ‘कुठे’ आणि ‘कधी’ ही दोन्ही उत्तरे तीन-चारशे रुपयांपासून मिळणाऱ्या एका जीपीएस मॉड्यूलमधून येतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘निओ सिक्स एम’ म्हटले की दुकानदार निळी पाटी आणि पिवळट सिरॅमिक अँटेना काढून समोर ठेवतो.

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या आकाशनिरीक्षक गटाचे आहे. गटात एक निवृत्त विज्ञान शिक्षिका (सगळे त्यांना बाई म्हणतात), पॉलिटेक्निकला शिकणारा एक मुलगा आणि बाकी दोघे-तिघे नोकरदार. सहा इंची परावर्ती दुर्बीण, तिच्यामागे छोटा व्हिडिओ कॅमेरा, आणि मुलाने बनवलेली वेळेची पेटी. त्यांच्या नोंदी नंतर माझ्याकडे आल्या, कारण आकडे जुळत नव्हते आणि कोणाचे चुकले यावरून घोळ चालला होता.

निमित्त होते कृत्तिकांच्या पिधानाचे. चंद्र कृत्तिकांवरून जाण्याची मालिका काही वर्षे चालते आणि मग काही वर्षे थांबते. सध्याची २०२३ मध्ये सुरू झाली, २०२९ पर्यंत चालेल. अशा रात्रीचा फायदा असा की तासा-दीड तासात एकामागून एक अनेक तारे चंद्राच्या काळोख्या कडेमागे जातात. एका ताऱ्याची नोंद चुकली तर ती चूक आहे हे कळायला मार्ग नसतो. सहा-सात तारे असले की ते एकमेकांची साक्ष देतात. या प्रकरणात तसेच झाले.

पेटीत काय होते

निओ-६एम मॉड्यूल, आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी), एक छोटा डिस्प्ले आणि दोन एलईडी. मॉड्यूल दर सेकंदाला ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या गतीने, काही ओळी पाठवते. एनएमईए म्हणतात त्या ओळींना. त्यातली आरएमसी नावाची ओळ बहुतेकांना पुरते: वेळ, ‘ए’ किंवा ‘व्ही’ हे एक अक्षर, अक्षांश, रेखांश, वेग, तारीख. ‘ए’ म्हणजे ठिकाण मिळाले, ‘व्ही’ म्हणजे नाही.

पण ही ओळ वेळ सांगते म्हणून ती वेळेवर येते असे नाही. आतली आकडेमोड आटोपून ती तारेवरून बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा बराच भाग उलटलेला असतो, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. खरा ठोका वेगळ्या पायावर असतो. मॉड्यूलच्या तिसऱ्या पायावर दर सेकंदाच्या सुरुवातीला एक विद्युत ठोका येतो. याला पीपीएस म्हणतात. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची अचूकता ३० नॅनोसेकंद दिलेली आहे. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात एक चित्र ४० मिलिसेकंदांचे, म्हणजे त्या अचूकतेच्या दहा लाख पटींहून मोठे. थोडक्यात, मॉड्यूल गरजेपेक्षा कितीतरी चांगले आहे. स्वस्त पाटीवर अडचण एवढीच की बाहेर चारच पिना काढलेल्या असतात: वीज, जमीन, आत आणि बाहेर. ठोका मिळतो तो पाटीवरच्या लुकलुकणाऱ्या एलईडीजवळ, आणि तिथे बारीक तार सोल्डर करावी लागते. मुलाने ती सफाईने केली होती. भिंगाखाली पाहिले तरी नाव ठेवायला जागा नव्हती.

पुढची युक्ती साधी आणि मला आवडलेली. दुर्बिणीच्या तोंडाशी कडेला एक मंद एलईडी. दर ठोक्याला तो क्षणभर लागतो आणि सगळे चित्र किंचित उजळते. मिनिट सुरू होताना तो जरा जास्त वेळ लागतो. व्हिडिओत तारा जातो, झगमगाट मोजता येतात, आणि कोणत्या लांब झगमगाटानंतर कितव्या सेकंदाच्या कितव्या चित्रात तारा गेला हे लिहिता येते. आर्डुइनोने ओळीतली वेळ वाचायची, तिच्यात एक सेकंद मिळवायचा आणि पुढचा ठोका पडला की ती वेळ लागू करायची. हा एक सेकंद मिळवायला विसरणे ही या खेळातली सर्वांत प्रसिद्ध चूक. इथे ती झालेली नव्हती.

घरी सगळे तपासले होते. फोनच्या इंटरनेटवरच्या वेळेशी पेटी जुळत होती, संध्याकाळभर जुळत राहिली.

त्या रात्री

मंगळवेढ्याच्या बाजूला एका ओळखीच्याच्या रानात दुर्बीण लावली. शाळू काढणीला आलेला, धूळ बेताची, आकाश स्वच्छ. पेटी पॉवर बँकेवर चालत होती आणि पॉवर बँक पुन्हा पुन्हा बंद पडत होती. मॉड्यूल आणि नॅनो मिळून इतका थोडा प्रवाह ओढतात की बऱ्याच पॉवर बँकांना काही जोडलेच नाही असे वाटते आणि त्या स्वतःहून झोपी जातात. शेवटी एक जादा बल्ब जोडून हा प्रश्न मिटवला, पण तोवर वेळ गेला. पेटी शेवटची चालू झाली ती पहिल्या ताऱ्याच्या चार-पाच मिनिटे आधी. मिनिटभरात ठिकाण मिळाले, ‘ए’ आला, डिस्प्लेवर वेळ आली, एलईडी ठोके देऊ लागला. रेकॉर्डिंग सुरू केले आणि शहाणपणाने मध्ये कुठेही थांबवले नाही.

कृत्तिकांतली इलेक्ट्रा गेली. काही मिनिटांनी सेलिनो. मग थोडी उसंत, मग टायगेटा, माया आणि पुढचे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चित्रे मोजून वेळा काढल्या आणि आधीच्या गणिताशी ताडून पाहिल्या. हल्ली हे गणित फार पक्के असते. ताऱ्यांच्या जागा गाया उपग्रहाने मोजलेल्या आहेत, आणि चंद्राच्या कडेवरचे डोंगर-दऱ्या जपानच्या कागुया व अमेरिकेच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानांनी. फरक दशांश सेकंदाच्या आसपास यावा. टायगेटापासून पुढे तसाच आला. पहिल्या दोन ताऱ्यांचा फरक मात्र तीन सेकंदांचा होता. दोन्ही तारे गणितापेक्षा तीन सेकंद उशिरा गेलेले.

चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे अर्धी विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. तीन सेकंद म्हणजे दीड विकला, चंद्राच्या अंतरावर पावणेतीन किलोमीटर. चंद्राच्या कडेवर एवढा नकाशात नसलेला खड्डा शिल्लक नाही, आणि तोही एकाच रात्री दोन वेगळ्या जागी.

कोणाकोणावर संशय

पहिला संशय कॅमेऱ्यावर. स्वस्त कॅमेरे चित्रे गाळतात, आणि गाळलेल्या चित्रांनी वेळ लांबते-आखडते. पण वेळ चित्रांवरून नाही, झगमगाटांवरून मोजलेली होती. दोन झगमगाटांमधली चित्रे मोजली तर २५ च्या आसपास येत होती. एक-दोन चित्रे इकडे-तिकडे, तीन सेकंद नाहीत.

दुसरा ठिकाणावर. यात थोडे तथ्य असते. जीपीएसची उंची पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलावरून मोजली जाते आणि महाराष्ट्रात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या कित्येक मीटर खाली आहे. कोणता आकडा कुठे भरायचा यात लोक गोंधळतात. पण उंचीत शंभर मीटरचा घोळ झाला तरी पिधानाची वेळ दशांश सेकंदानेच हलते. शिवाय ठिकाण चुकले असते तर सगळेच तारे चुकले असते.

तिसरा संशय मुलावर, म्हणजे त्याच्या कोडवर. “एक मिळवायच्या ऐवजी काही तरी भलतंच मिळवलंयस तू,” असे एका काकांनी ठरवूनच टाकले होते. आर्डुइनोवर ओळी वाचायला सॉफ्टवेअर सीरियल नावाची सोय वापरली की अक्षरे गळतात हेही खरे. पण अक्षर गळले तर ओळीच्या शेवटी पडताळणीसाठी दिलेली बेरीज जुळत नाही आणि त्याचे कोड ती ओळ टाकून देत होते.

मला त्या फरकात एक गोष्ट खटकली. फरक २.९ नव्हता, ३.१ नव्हता; चित्र मोजण्याची चूक धरूनही दोन्ही वेळा तीनच. घड्याळ हळू चालले तर फरक वाढत जातो. निरोप उशिरा पोचला तर फरक अपूर्णांकात येतो. नेमके तीन पूर्ण सेकंद म्हणजे कोणी तरी कुठे तरी बेरीज किंवा वजाबाकी केली आहे, आणि मध्येच ती बदलली आहे.

तसे असेल तर रेकॉर्डिंगमध्ये बदलाची जागा सापडली पाहिजे. सेलिनो आणि टायगेटा यांच्यामधला रिकामा भाग पाहायचा कोणाला प्रश्नच पडला नव्हता, कारण त्यात काही घडत नव्हते. मुलाला सांगितले, दोन लांब झगमगाटांमधले सगळे ठोके मोज. ६०, ६०, ६०. मग एका मिनिटात ६३. पुढे पुन्हा ६०.

तीन सेकंद आले कुठून

जीपीएसचे स्वतःचे घड्याळ ६ जानेवारी १९८० ला सुरू झाले तेव्हा ते जागतिक वेळेशी, म्हणजे यूटीसीशी, जुळलेले होते. नंतर पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवायला यूटीसीत अधूनमधून एक लीप सेकंद घातला गेला. जीपीएसने घातला नाही. आज जीपीएस १८ सेकंद पुढे आहे. हा फरक १ जानेवारी २००९ ला १५ झाला, १ जुलै २०१२ ला १६, १ जुलै २०१५ ला १७ आणि १ जानेवारी २०१७ ला १८. भारतात हे सगळे बदल पहाटे साडेपाचला झाले, तेव्हा यूटीसीत मध्यरात्र असते.

मॉड्यूलला उपग्रहांकडून मिळते ती जीपीएसची वेळ. यूटीसी दाखवायची तर त्यातून १८ वजा करावे लागतात, आणि हा १८ चा आकडाही उपग्रहच सांगतात. पण सारखा सांगत नाहीत. उपग्रहाचा संदेश सेकंदाला ५० बिटांच्या संथ गतीने येतो. ठिकाण काढायला लागते ती माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, म्हणून मिनिटभरात ‘ए’ मिळतो. बाकीची माहिती २५ पानांत वाटलेली असते, एक पान ३० सेकंदांचे, आणि लीप सेकंदांचे पान पुन्हा यायला साडेबारा मिनिटे लागू शकतात. त्या सहा सेकंदांच्या तुकड्यात सिग्नल अडखळला तर आणखी एक फेरी.

तोवर मॉड्यूल काय दाखवते? त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आत कायमच्या भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, ते बनले त्या काळचा आकडा भरलेला असतो. या मॉड्यूलात तो १५ होता. १८ च्या जागी १५ वजा केले की घड्याळ तीन सेकंद पुढे, आणि तारा तीन सेकंद उशिरा गेलेला दिसतो. पान हाती आले की मॉड्यूल गुपचूप तीन सेकंद मागे येते. त्या मिनिटात ६३ ठोके पडतात. फर्मवेअर जितके नवे तितका हा फरक कमी, एवढेच.

घरी का दिसले नाही, याचेही उत्तर पाटीवरच होते. अँटेनाच्या तारेजवळ नखाएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर मॉड्यूलची स्मृती टिकते. रोज वापरात असलेली पेटी चालू केली की कालचा १८ तिला आठवत असतो. ही पेटी मात्र त्या रात्रीआधी बरेच दिवस कपाटात होती, बॅटरी उतरली आणि मॉड्यूल कोरे झाले. पॉवर बँक नीट चालली असती तर पेटी अर्धा तास आधीच चालू झाली असती आणि हे प्रकरणच झाले नसते. पुढे कधी तरी झाले असते, आणि तेव्हा रात्रीत एकच तारा असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

काकांचे म्हणणे पडले की स्वस्त मॉड्यूल घेतले म्हणून हे झाले. मला ते पटत नाही. मॉड्यूलला आपल्याला हा आकडा अजून माहीत नाही हे माहीत होते, आणि ते तसे सांगतही होते. फक्त आरएमसीच्या ओळीत नाही. त्या ओळीतला ‘ए’ ठिकाणाची ग्वाही देतो, यूटीसीची नाही, आणि ओळीत दुसरे काही सांगायला जागाच नाही. याच तारेवर मॉड्यूल कंपनीच्या स्वतःच्या यूबीएक्स भाषेतही बोलू शकते. त्यात वेळेचा एक २० बाइटांचा संदेश आहे, आणि त्याच्या शेवटच्या बाइटात तीन खुणा: सेकंद पक्का का, आठवडा पक्का का, आणि लीप सेकंद कळून यूटीसी पक्की का. पहिल्या दोन खुणा लवकर लागतात. तिसरी ते पान आल्यावर लागते. हौशी प्रकल्पांत ९६०० बॉडच्या ओळी वाचून थांबायची सवय इतकी पक्की आहे की हा संदेश मागणारे थोडेच. मागायला काही खर्च नाही, मोजून आठ बाइट पाठवायचे.

पेटीत काय बदलले

आता आर्डुइनो मधूनमधून तो संदेश मागते. तिसरी खूण लागेपर्यंत डिस्प्लेवर वेळ दिसते, पण लाल एलईडी लागलेला असतो, आणि मिनिटाचा लांब झगमगाट पडतच नाही. बाईंची ही सूचना. नुसता लाल दिवा अंधारात, घाईत, कोणी पाहणार नाही. लांब झगमगाटच नसेल तर त्या व्हिडिओवरून वेळ काढताच येत नाही. चुकीची नोंद करायची तर आधी ती करता यायला हवी. मुलाला हे जरा अति वाटले होते. तारा गेला आणि पेटीने वेळच दिली नाही तर? त्यावर तोडगा असा: खूण लागली की एलईडी तीन वेळा पटापट लागतो आणि मग नेहमीचे ठोके सुरू होतात. रेकॉर्डिंग अखंड असेल तर त्या क्षणापासून ठोके मागे मोजत आधीच्या ताऱ्याची वेळ काढता येते, कारण ठोका स्वतः कधीच चुकलेला नसतो. चुकते ती त्याला दिलेली संख्या.

पॉवर बँकेऐवजी आता दुचाकीची छोटी बॅटरी आणि पाच व्होल्टचा रेग्युलेटर. पेटी पंधरवड्यातून एकदा काही तास चालू ठेवायची म्हणजे ती नखाएवढी बॅटरी भरलेली राहील, हे ठरले आहे. पाळले जाईल की नाही ते सांगता येत नाही.

खुणांची तपासणी करताना मुलाने आठवड्याच्या खुणेबद्दल विचारले, आणि ते विचारणे बरोबर होते. जीपीएसचा संदेश आठवड्याचा क्रमांक दहाच बिटांत सांगतो, म्हणजे १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ७ एप्रिल २०१९ ला हे झाले. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये. मॉड्यूल आपल्या फर्मवेअरच्या जन्मतारखेवरून कोणते आवर्तन चालू आहे याचा अंदाज बांधते, म्हणून जुन्या फर्मवेअरची तारीख २०३८ च्या आधीच एखाद्या दिवशी सुमारे वीस वर्षे मागे जाऊ शकते. वेळ तेव्हाही बरोबरच राहते. या पेटीत तारीख फक्त दाखवायला आहे, हिशेबात नाही, त्यामुळे तिकडे लक्ष दिले नाही. फाइलींना तारखेवरून नाव देणारा लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारे यंत्र, बनवत असाल तर द्या.

जुन्या नोंदींचे काय केले

यावर सर्वांत जास्त वाद झाला. इलेक्ट्रा आणि सेलिनोच्या वेळांतून तीन सेकंद वजा करून पाठवाव्यात की सोडून द्याव्यात? काका म्हणाले, वजा करा आणि मोकळे व्हा. बाईंना ‘गणिताशी जुळत नाही म्हणून दुरुस्त केले’ असे कुठेही म्हणता येईल अशी नोंद नको होती. गणित तपासायलाच तर निरीक्षण करायचे.

पण इथे दुरुस्ती गणितावरून करायची गरज नव्हती. ६३ ठोक्यांचे मिनिट रेकॉर्डिंगमध्ये होते. गणिताचा कागद फाडून टाकला तरी त्या व्हिडिओवरून कळते की घड्याळ नेमके तीन सेकंद मागे आले, आणि कधी. त्या आधारावर दोन्ही वेळा दुरुस्त केल्या आणि नोंदीसोबत मूळ वेळ, दुरुस्त वेळ आणि कारण, तिन्ही लिहून पाठवले.

त्याआधीच्या महिन्यांत याच पेटीने घेतलेल्या काही एकेकट्या ताऱ्यांच्या नोंदी होत्या. त्यांची रेकॉर्डिंग दोन-दोन मिनिटांची, पेटी किती वेळ आधी चालू केली होती याचा कुठे उल्लेख नाही. त्यांतल्या बऱ्याच बहुधा बरोबर असतील. कोणत्या, हे ठरवायला काही साधन नव्हते, म्हणून त्या सगळ्या गटाने वगळल्या. बाईंच्या वहीत प्रत्येकीपुढे ‘वेळ अनिश्चित’ असा शेरा आहे, आणि नव्या पानांवर ‘पेटी चालू केल्याची वेळ’ हा एक रकाना वाढला आहे.